घरगुती मॉन्टेसरी संच: विकत काय घ्यावं, नाशकातच करून काय घ्यावं

अडीच ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ऑनलाइन विकले जाणारे ‘होम मॉन्टेसरी’ संच घ्यावेत का, हा प्रश्न गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत बरेच पालक सध्या विचारताहेत. आमचं मत आधीच सांगतो. अख्खा संच घेऊ नका. मनोरा (उतरत्या मापाचे ठोकळे) आणि एक दट्टापेटी (लाकडी दट्टे आपापल्या भोकांत बसवायची पेटी) चांगल्या ठिकाणाहून विकत घ्या, अंकदांडे (मोजणी शिकायचे लाल-निळे दांडे) ओळखीच्या सुताराकडून करून घ्या, पळ्या-फुलपात्रं भांडीबाजारातून आणा. आणि मराठी अक्षरं तयार मिळणाऱ्या संचातली मुळीच घेऊ नका, ती स्वतः करा. वाचलेल्या पैशात एक ठेंगणी मांडणी आणि दोन सतरंज्या येतात. मुलाला त्याच जास्त उपयोगी पडतात.

असं का, ते कळायला या सामानाचं मर्म लक्षात घ्यावं लागेल. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या एका गरीब वस्तीत बालगृह सुरू केलं, तेव्हापासून या साहित्याचा एक नियम कायम आहे: चूक झाली तर ती सामानानंच मुलाला दाखवावी, मोठ्या माणसाला बोलावं लागू नये. ‘मुलाच्या कलानं शिक्षण’ हे शब्द आता प्रत्येक बालवाडीच्या पाटीवर दिसतात, पण कल मुलाचा राहतो तो या नियमामुळे. दट्टा चुकीच्या भोकात गेला की शेवटी एक दट्टा उरतो आणि मूल स्वतःच परत मागे वळतं. तिथे आईनं ‘अरे, तो तिकडे’ म्हटलं की काम आईचं झालं. म्हणून कुठलीही वस्तू घेताना एवढंच विचारा: आपण खोलीत नसलो तरी मुलाला चूक कळेल का? निम्मे संच इथेच बाद होतात, कारण स्वस्तात काढताना मापं ढिली होतात, आणि माप ढिलं झालं की वस्तू चूक दाखवायची थांबते.

मनोरा आणि दट्टापेटी

गुलाबी मनोऱ्यात दहा घन असतात, सर्वांत छोटा १ सेंमी बाजूचा आणि सर्वांत मोठा १० सेंमीचा. घरी आल्यावर पहिलं काम टेप काढायचं. दहाही ठोकळे एकावर एक रचून उंची बरोबर ५५ सेंमी भरली पाहिजे. दोन-तीन मिलिमीटर इकडे-तिकडे चालेल, सेंटिमीटरचा फरक असेल तर परत पाठवा. मग छोटे तीन ठोकळे वेगळे मोजा. मोठ्या ठोकळ्यात एका मिलिमीटरची चूक डोळ्याला दिसत नाही, पण १ सेंमीचा ठोकळा १.१ सेंमी झाला तर त्याचं घनफळ एक तृतीयांशानं वाढतं. मुलाची गल्लत होते ती नेमकी या छोट्या ठोकळ्यांत.

मागवण्याआधीच पारख करायची असेल तर वस्तूच्या वर्णनातलं वजन बघा. दहा घनांचं लाकूड मिळून तीन लिटरभर होतं, म्हणजे भरीव लाकडाचा मनोरा दीड ते सव्वादोन किलोचा हवा. वजन सहाशे-सातशे ग्रॅम लिहिलं असेल तर ठोकळे पोकळ आहेत किंवा मापच लहान आहे. ‘घरासाठी सुटसुटीत’ म्हणून सर्वांत मोठा ठोकळा ७ सेंमीचा असलेले मनोरे बरेच दिसतात. ते घेऊ नका. मोठा ठोकळा उचलायला दोन हात लागावेत, छोटा चिमटीत यावा, हा फरक हातालाच कळायचा असतो, आणि लहान मापात तोच पुसला जातो. शिवाय अशा संचात सर्वांत छोटा ठोकळा ७ मिमीचा होतो. अडीच वर्षांच्या मुलाच्या हातात तो देणं धोक्याचं आहे.

मनोऱ्याबरोबर तपकिरी रुंद जिनाही गळ्यात मारला जातो. वीस सेंमी लांबीचे दहा चौकोनी ओंडके, वजन पाच किलोच्या आसपास. वर्गात पंचवीस मुलं असतात तिथे तो हवाच. घरी एका मुलासाठी मनोरा पुरतो.

दट्टापेटी मात्र विकतच घ्या, कारण हे काम लेथवरच्या अचूकतेचं आहे आणि गल्लीतल्या सुताराकडून ते सहसा जमत नाही. पूर्ण साहित्यात अशा चार पेट्या असतात, प्रत्येकीत दहा दट्टे. एकच घ्यायची तर सगळ्यांची उंची सारखी आणि जाडी मात्र उतरत जाणारी घ्या. त्या पेटीत चूक लपत नाही: बारीक दट्टा मोठ्या भोकात टाकला की शेवटी जाड दट्ट्याला जागाच उरत नाही. उंची कमी-जास्त होणाऱ्या पेटीत आखूड दट्टा नुसता खोल बसतो, मुलाच्या ते लक्षात येईलच असं नाही. तपासणी सोपी आहे. प्रत्येक दट्टा शेजारच्या लहान भोकात घालून बघा, तो अजिबात जाता कामा नये. मग त्याच्या स्वतःच्या भोकात ठेवून पेटी हलवा, खडखडाट व्हायला नको. वरची खुंटी तीन बोटांत धरता येईल इतकी लहान हवी, कारण पुढे पेन्सिल धरणारी तीच बोटं आहेत. स्वस्त पेट्यांत खुंटी फक्त डिंकानं चिकटवलेली असते आणि थोड्याच दिवसांत निघून येते. पिळून बघा, फिरली तर समजा.

नाशकात पेटीची खरी परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये होते. दमट हवेत लाकूड फुगतं आणि जाड दट्टे अडकायला लागतात. तेव्हा घाईनं पॉलिश पेपर घेऊन घासायला बसू नका. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत तेच लाकूड आक्रसतं, आणि घासलेले दट्टे कायमचे सैल होतात. पावसाळ्यात पेटी बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका, जमिनीपासून वर ठेवा, आणि फारच अडकत असेल तर भोकाच्या कडेला पांढरं मेण हलक्या हातानं चोळा. ओलं फडकं तर पेटीला कधीच लावू नका.

अंकदांडे

अंकदांडे आवर्जून करून घ्यावेत. १० सेंमीपासून १०० सेंमीपर्यंत दहा दांडे, दर १० सेंमीला लाल आणि निळा पट्टा आलटून-पालटून. संचात येतात ते बहुतेक टेबलावर मावणारे, निम्म्या-पाव मापाचे. मीटरभर दांडा दोन्ही हात पसरून उचलावा लागतो, खोलीतून नेताना दाराला लागणार नाही हे बघावं लागतं. ‘दहा’ हा ‘एक’पेक्षा किती मोठा आहे, हे मुलाला त्या ताणलेल्या हातांतून कळतं. टेबलावरच्या दांड्यात ते कळायची सोय नाही.

लाकूड पंचवीस मिमी चौरस पट्टीचं घ्या. पूर्ण सुकलेलं हवं. पाइन स्वस्त पडतं, पण लांब दांड्याला बाक येतो, म्हणून निवडताना पट्टी डोळ्यासमोर आडवी धरून तिच्या टोकाकडून बघा. दहा फुटी दोन पट्ट्या पुरतात. पहिलीतून १००, ९०, ८० आणि ३० सेंमी, दुसरीतून ७०, ६०, ५०, ४०, २० आणि १०. करवतीची फट धरूनही भागतं. सुताराचं माप इंच-सुतात चालतं, आणि दहा सेंमीला तो सवयीनं चार इंच म्हणेल. चार इंच म्हणजे १०.१६ सेंमी. मीटरच्या दांड्यात हा फरक दीड सेंटिमीटरच्या पुढे जातो. त्यामुळे मापं मिलिमीटरमध्ये लिहून द्या, मिमीची टेप सोबत न्या, आणि आधीचा तुकडा ठेवून पुढचा कापू देऊ नका, कारण प्रत्येक वेळी चूक थोडी वाढत जाते.

दांडे हातात आले की जोड्या लावून बघा: १० आणि ९०, २० आणि ८०, ३० आणि ७०, ४० आणि ६०. प्रत्येक जोडी मीटरच्या दांड्याशी टोकाला टोक भिडली पाहिजे. पुढे मूल हेच करून दहाची बेरीज शोधणार आहे, तिथे दोन-तीन मिमीची खाच राहिली तर त्याचा विश्वास उडतो. रंगवताना अख्खा दांडा आधी लाल करा, पूर्ण वाळू द्या, मग चिकटपट्टी लावून निळे पट्टे भरा. सगळ्या दांड्यांचं पहिलं टोक लालच हवं. ऑइलपेंट पावसाळ्यात लवकर वाळत नाही आणि बोटांचे ठसे उठतात, त्यामुळे हे काम दिवाळी ते होळीच्या दरम्यान काढा. रंगाच्या डब्यावर शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाखांत ९० भागांच्या) आत असल्याचा उल्लेख बघूनच डबा घ्या. घरगुती रंगांना ही मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून कायद्यानंच लागू आहे. सुताराकडे पडलेला जुना डबा वापरू देऊ नका.

मराठी अक्षरं

इथे थोडं थांबतो, कारण सगळे संच इथेच सर्वांत जास्त तोकडे पडतात आणि पालकांचे सर्वांत जास्त पैसेही इथेच वाया जातात.

खरखरीत अक्षरांची पाटी म्हणजे पॉलिश पेपरचं अक्षर चिकटवलेली फळी. मूल तर्जनी आणि मधल्या बोटानं ते अक्षर गिरवतं आणि गिरवताना आवाज उच्चारतं. हात, डोळा आणि कान एकाच वेळी कामाला लागतात. बाजारात देवनागरीचे जे संच आहेत, त्यातले बहुतेक हिंदीसाठी केलेले. त्यांत ‘ळ’ नसतो. बाळ, केळं, सकाळ, खेळ, डोळा, पोळी हे सगळे शब्द त्यामुळे गेले. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे असतात. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालेत पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ आहे, बालभारतीच्या पुस्तकातही तेच. बोटाला एक वळण शिकवून वहीत दुसरं मागायचं, हा मुलावर अन्याय आहे. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ तर शोधूनही सापडत नाहीत. अक्षरंही कमी-जास्त जाडीच्या सुशोभित वळणात कापलेली असतात, त्यामुळे बोट कुठून सुरू करून कुठे जायचं ते दिसतच नाही.

घरी करायची पद्धत अशी. तीन मिमी एमडीएफच्या (लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या बोर्डाच्या) १५ बाय १८ सेंमीच्या फळ्या कापून घ्या. स्वरांच्या निळ्या रंगवा, व्यंजनांच्या गुलाबी. पॉलिश पेपर १२० नंबरचा घ्या. ऐंशी नंबरचा बोटाला बोचतो आणि मूल टाळायला लागतं, २२० इतका मऊ असतो की फळी आणि अक्षर यातला फरकच जाणवत नाही. कापडी पाठीचा मिळाला तर तोच घ्या, कागदी पाठीचा पावसाळ्यात कडांनी उचलला जातो. अक्षर दहा सेंमी उंच आणि रेघ सगळीकडे सारखी, आठ ते दहा मिमी रुंद. कागदाच्या मागच्या बाजूवर अक्षर उलटं काढून जुन्या कात्रीनं कापा, चांगली कात्री यात बोथट होते. फेविकॉल पातळ थरात लावा आणि वर वजन ठेवून रात्रभर दाबा. शिरोरेषेची पट्टी अक्षराला जोडून न कापता वेगळी चिकटवा. मूल आधी अक्षर गिरवतं, बोट उचलतं आणि मग डावीकडून उजवीकडे शिरोरेषा देतं. वहीतही असंच लिहायचं असतं.

अक्षरांचा क्रम ‘अ आ इ ई’ असा धरू नका. पहिल्यांदा दोन-तीनच अक्षरं द्या, दिसायला आणि ऐकायला एकमेकांपासून लांबची, आणि ज्यांचे लगेच शब्द होतील अशी: म, क, र. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, प आणि ष एकत्र देऊ नका. पाठ तीनच पायऱ्यांचा. ‘हा म. हा क.’ मग ‘म कुठला, दाखव.’ आणि दुसरी पायरी नीट जमली तरच ‘हा कुठला?’ तिसऱ्या पायरीला अडला तर दुरुस्ती करू नका, फळ्या उचलून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पायरीवर या. ‘म मगरीचा’ असं सुरुवातीला म्हणू नका. आपल्या अक्षराचं नाव हाच त्याचा आवाज आहे, मध्ये मगर आणायची गरज नाही.

दुसरं साहित्य सुट्या अक्षरांचं. ही अक्षरं मांडून मूल शब्द तयार करतं, हातात पेन्सिल स्थिर व्हायच्या कितीतरी आधी. विकतच्या संचात प्रत्येक अक्षर एकदाच येतं. आता मराठी मुलाला पहिल्यांदा लिहायचे असतात ते शब्द आठवा: काका, मामा, बाबा, दादा, काकू, मामी. एकाच ‘क’मध्ये ‘काका’ लिहिताच येत नाही! शिवाय काना-मात्रा सुट्या नसतात. म्हणून यादी आपण करायची. क, म, ब, द, त, न, र, ल, स, प प्रत्येकी सहा, बाकीची व्यंजनं प्रत्येकी तीन, ङ आणि ञ एकेक. काना पंधरा. वेलांट्या, उकार, मात्रा, दोन मात्रा, अनुस्वार प्रत्येकी सहा. स्वर दोन-दोन. ‘रु’ आणि ‘रू’ वेगळे कापून घ्या, कारण तिथे उकार खाली बसत नाही. जोडाक्षरं पाच वर्षांपर्यंत लागत नाहीत, पण मुलाच्या नावात जोडाक्षर असेल तर तेवढं करून ठेवा. स्वतःचं नाव मांडायची घाई प्रत्येक मुलाला असते.

कापायला नेमप्लेट करणाऱ्यांकडचं लेझर कटिंग उत्तम. सगळ्या अक्षरांची रुंदी पाच सेंमी ठेवा, म्हणजे पहिल्या वेलांटीची कमान कुठल्याही अक्षरावर बरोबर बसते. अडचण येते ती फॉन्टची. दुकानातल्या कॉम्प्युटरवर टाइप केलेला ‘ल’ पुष्कळदा हिंदी वळणाचाच निघतो. म्हणून नमुना हातानं काढून, स्कॅन करून न्या, आणि सगळं कापायच्या आधी ल, श, झ, ळ हे चार कापून बघा. लेझरनं एमडीएफच्या कडा काळ्या पडतात आणि काजळी हाताला लागते. ओलसर फडक्यानं पुसून, २२० च्या कागदानं कडा मारून मगच मुलाला द्या.

‘कि’ मांडताना मूल आधी क ठेवेल आणि वेलांटी नंतर, कारण कानाला आवाज त्याच क्रमानं येतो. ठेवू द्या. वेलांटी डाव्या बाजूला सरकवायला तो आपोआप शिकतो. ‘पाणि’, ‘आजि’ असं मांडलं तरी र्‍हस्व-दीर्घाची दुरुस्ती या वयात नको. आवाज ओळखून शब्द उभा केला, एवढंच या साहित्याचं काम आहे.

मणी आणि एकोणतीस

सोनेरी मण्यांचा दशमान संच देखणा असतो आणि महागही. हजार मण्यांचा घन घरात क्वचितच वापरला जातो. आठ मिमीचे मणी आणि तार मेन रोडच्या आसपास मिळते. दहा-दहा मण्यांचे दहा दांडे आणि सुटे वीस मणी करा, बस्स. रंगीत जिना (एक ते नऊ मण्यांच्या वेगवेगळ्या रंगांच्या तारा) करायचा असेल तर १ लाल, २ हिरवा, ३ गुलाबी, ४ पिवळा, ५ फिकट निळा, ६ जांभळा, ७ पांढरा, ८ तपकिरी, ९ गडद निळा. तारेची दोन्ही टोकं गोल वळवून आत दाबा, नाहीतर बोटं ओरखडतात.

मराठी मुलाला या मण्यांची गरज इतरांपेक्षा जास्त आहे, कारण आपली संख्यानावं अवघड आहेत. ‘एकोणतीस’ ऐकताना कानाला तीस ऐकू येतं आणि लिहायचे असतात २९. बालभारतीनं २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनं आणली तेव्हा राज्यभर वाद झाला. बाजू कुठलीही घ्या, मण्यांनी ही अडचण सुटते. दहाचे तीन दांडे ठेवा. एका दांड्याच्या जागी सुटे दहा ठेवा आणि त्यातला एक मणी उचला. तीसला एक उणा, समोर दोन दांडे आणि नऊ मणी. हे मुलाच्या हातानं एकदा झालं की एकोणचाळीस आणि एकोणपन्नास समजावून सांगावे लागत नाहीत.

भांडीबाजारातलं सामान

‘प्रॅक्टिकल लाइफ किट’ नावाखाली छोटे जग, चमचे, चिमटे यांचे जे डबे विकतात ते पूर्णपणे टाळा. नाशिक हे तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव आहे. जुन्या गावात भांडीबाजारात एक चक्कर मारली तर मुलाच्या हाताच्या मापाचं सगळं मिळतं: लहान पळी, गडू, छोटी झारी, फुलपात्रं, वाट्या. ओतण्यासाठी काठ बाहेर वळलेलं, चोच असलेलं भांडं निवडा. जाड, गोल काठाच्या भांड्यातून पाणी बाहेरच्या बाजूनं ओघळतं आणि मुलाला वाटतं की आपल्यालाच जमत नाही. दुकानातच पाणी ओतून बघायला सांगा. सुरुवात राजम्यानं, मग मूग, मग पाणी, तेही फुलपात्रभरच. खाली काठ असलेलं ताट आणि शेजारी सुती फडकं. सांडलं की पुसायचं हाही कामाचाच भाग असतो, म्हणून फडकं मुलाच्या हाताशी हवं.

पितळ घासायला पावडर नको, भिजवलेली चिंच द्या. काळपट पितळेवर बोट फिरलं तिथे उजळ पट्टा उमटतो आणि राहिलेला भाग मुलाला आपोआप दिसतो. चूक दाखवणारं याहून सोपं साहित्य आमच्या पाहण्यात नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि पुढे कोसबाडला बिया, शिंपले, पानं, खडे वापरून बालवाड्या उभ्या केल्या, तोच हा मार्ग. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून कडधान्यं आणून निवडायला दिली तरी वर्गीकरणाचा वेगळा डबा लागत नाही.

सुरक्षितता आणि मांडणी

चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. ते नसलेला संच घेऊ नका, मग वर्णनात ‘नैसर्गिक लाकूड’ कितीही वेळा लिहिलेलं असो. तीन वर्षांखालचं मूल वस्तू तोंडात घालतं, तोवर सुटे मणी आणि सर्वांत छोटे घन कपाटात वर ठेवा. साधारण सव्वातीन सेंमी व्यासाच्या नळीत जी वस्तू पूर्ण मावते ती या वयात धोक्याची.

मांडणी मुलाच्या छातीएवढी, म्हणजे पाऊण मीटरच्या आत, पाठीमागे बंद आणि भिंतीला स्क्रूनं पक्की केलेली हवी. एका वेळी आठ-दहा वस्तू पुरे. सगळं एकदम मांडलं की मूल वस्तू ओढून काढतं, हाताळत नाही. सतरंजी दोन बाय तीन फुटांची, गुंडाळून मुलाला स्वतः नेता येईल अशी. दांड्यांसाठी एक चार फुटी वेगळी.

वस्तू एकदा सावकाश, न बोलता करून दाखवा आणि बाजूला व्हा. मुलानं मनोरा आडवा मांडला, घर केलं, तर करू द्या. फेकाफेक सुरू झाली तर मात्र वस्तू शांतपणे उचलून ठेवा. एकच काम वीस वेळा केलं तरी अडवू नका आणि ‘शाब्बास’ म्हणून मध्ये बोलूही नका, लक्ष तुटतं. आम्हाला वाटतं, संचाच्या किमतीपेक्षा हे गप्प बसणं पालकांना जास्त जड जातं, आणि मुलाला त्याचीच सर्वांत जास्त गरज असते.

शाळेचं काय?

सहा वर्षांपर्यंत घरी हे सगळं करायला काहीच अडचण नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ सहा ते चौदा वयासाठी आहे. शाळा शोधत असाल तर ‘मॉन्टेसरी’ या नावावर कुणाची मक्तेदारी नाही, कुणीही पाटी लावू शकतं, हे लक्षात ठेवा. तीन ते सहा वयाची मुलं एकाच वर्गात आहेत का, सकाळी सलग तीन तास मुलं स्वतः निवडलेलं काम करतात का, आणि मनोरा एकच आहे की दहा, एवढं बघून या. एकच असणं बरोबर आहे, दुसऱ्याचं होईपर्यंत थांबायला मूल त्यातूनच शिकतं. मराठी माध्यमात प्रयोगशील शाळा हवी असेल तर नाशकात आनंद निकेतन आहे. दहावीपर्यंत शाळेबाहेर राहायचं ठरवणाऱ्यांना एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची) परीक्षा १४ वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते, आणि बाहेरून परीक्षेला बसण्यासाठी राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्मही आहे. पण तो निर्णय तिसऱ्या वर्षी घ्यायचा नसतो.

जुना संच घेताना

चांगला जुना संच मिळाला तर नव्यापेक्षा तोच घ्यावा, लाकूड मुरलेलं असतं. मोजून घ्या: मनोऱ्याचे १० घन, प्रत्येक पेटीत १० दट्टे, काडीपेटीच्या (अंक लिहिलेल्या खणांत तितक्या काड्या ठेवायच्या पेटीच्या) खणांसाठी ४५ काड्या, अंक-सोंगट्यांच्या (अंकाखाली तितक्या सोंगट्या मांडायच्या) संचात ५५ सोंगट्या, तिसऱ्या रंगपेटीत (रंगछटा क्रमानं लावायच्या पेटीत) ६३ पट्ट्या. हरवलेला असतो तो बहुतेक वेळा मनोऱ्याचा १ सेंमीचा घन. तेवढ्यासाठी संच सोडू नका, सुतार तो करून देतो. फक्त नव्या ठोकळ्याचा गुलाबी रंग जुन्याशी जुळला नाही तर दहाही घन पुन्हा एकाच डब्यातून रंगवा, नाहीतर मूल आकाराऐवजी रंग बघून ठोकळा निवडायला लागतं.